त्याला आधीच येत होतं

लाल वहीत एक ओळ असते:
बाटली स्वतः धरतो का? तारीख लिहा.
मी ती बारा बाळांसाठी भरली आहे.
रोरी, सातव्या महिन्यात, शिंकता शिंकता.
एल्स्पेथनं आधी स्वतःची नाही, जुळ्या भावाची धरली
आणि सोडेचना.
इना दहा महिन्यांची झाली तरी हात पसरून पडून राहायची राणीसारखी,
मीही धरायचे, दासीसारखी.

मूल बाटली धरायला लागलं की आपला एक हात मोकळा होतो.
त्या हातानं मी चहा प्यायले, बिलं भरली,
एकदा खिडकीची काच पुसली,
आणि एकदा नुसती त्याच्याकडे बघत बसले,
आता ह्याचं काय करायचं म्हणून.

स्ट्रुआन आला फेब्रुवारीत, रात्री सव्वाअकराला.
समुद्रावरचं धुकं आर्ब्रोथच्या गल्लीत चढलेलं,
फेनेलाच्या गाडीचे दिवे दिसायच्या आधी
तिचा खोकला ऐकू आला.
एक पिशवी, तीन कपडे, एक बाटली,
निपलवर हिरड्यांच्या खुणा.
वय पाच महिने. कागदावर.

दूध कोमट केलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला,
कुशीत घेतलं, बाटली पुढे केली मात्र,
त्यानं ती दोन्ही हातांनी ओढून घेतली.
वादळात दोर धरावा तशी.
आणि तोंड भिंतीकडे.

'अगं बाई! हुशार आहे की,' फेनेला म्हणाली.
मी काही बोलले नाही.
मासे धुरावायच्या शेडमध्ये वीस वर्षं
मी हॅडॉकच्या शेपट्या जोडीजोडीनं सुतळीत बांधल्या.
हाताला कुणी शिकवलं, की गरजेनं शिकवलं,
ते मला गाठ बघून कळतं.

डोक्याच्या मागे केस नव्हते, तिथं जरा चपटं.
गालाशी गुंडाळलेला टॉवेल, त्यावर टेकवलेली बाटली,
आणि दार लोटून कुणीतरी गेलेलं.
किती वेळा, ते टाळू सांगत नाही, मागची बाजू सांगते.
तिला मी दोष देत नाही.
एकोणीस वर्षं वय, दोन पाळ्या, एक खोली.
टॉवेल माझ्याही घरात आहेत.

मग आमची उलटी शाळा सुरू झाली.
मी धरायची, तो ओढायचा.
मी सोडायची नाही,
तो रडायचा नाही. हेच मला खुपायचं.
मार्चभर एका बाटलीवर तीन हात.
मी गुणगुणून पाहिलं, त्याला आवडलं नाही, थांबले.
एप्रिलात एकदा त्यानं भिंत सोडून
माझ्या कानातल्याकडे पाहिलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंत.

गेल्या मंगळवारी पहाटे
धुराड्यावर सीगल भांडत होते,
बाटली निम्मी झाली होती.
त्याचा डावा हात निसटला,
हवेत थांबला, कशाला आलो ते विसरल्यासारखा,
मग माझ्या गाउनच्या बटणाला लागला.
मग उजवाही पडला.
सगळं वजन माझ्या मनगटावर.
दूध चालूच. डोळे माझ्यावर, जरा रागानंच:
सोडशील तर बघ.

हात भरून आला, चहा गार झाला,
बटण एका धाग्यावर आलं.
मी हलले नाही.

वहीत त्या ओळीपुढे तारीख टाकली
आणि लिहिलं: धरत नाही.
फेनेलानं विचारलं, मागे पडला का गं तो?
म्हटलं, हो, थोडा. पडू दे.

जूनमध्ये त्याची मावशी येणार आहे, डंडीहून,
आवडला तर घेऊन जाईल.
तिला कोपर उशीवर टेकवायला शिकवायचं आहे,
नाहीतर मनगट जातं.
बटण मी अजून शिवलेलं नाही.