नऊ सेकंद

तिबिलिसीच्या उत्तरेला, ग्लदानीत,
सोळा सोळा मजल्यांच्या इमारती
एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत.
कुणीतरी त्या पट्टीनं आखल्या,
आणि दोन रेघांमधल्या जागेचं काय करायचं
हे ठरायच्या आधी देशच बदलला.
तिथे आता तुतीचं झाड आहे, गंजकं गॅरेज,
आणि नार्दी खेळणारे चार म्हातारे.

मी जुंबेर. लिफ्ट दुरुस्त करतो.
सत्तावीस वर्षं.

बावीस नंबरच्या इमारतीतली लिफ्ट नाणं खायची.
वर जायला वीस तेत्री, उतरायला फुकट.
पडायला कधी पैसे लागत नाहीत,
असं चौदाव्यावरचा अवतांदिल म्हणायचा.
एकट्यासाठी नाणं टाकणं जिवावर यायचं,
म्हणून माणसं खाली थांबायची,
पाव काखेत, बटाट्यांची पिशवी दोन पायांत धरून.
"कितवा?" "नववा." "चला, मग माझा बारावा."
तेवढ्यात कळायचं, कुणाचा मुलगा
पोलंडहून फोन करत नाही,
कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे गेलं.
एलिसोला तर नवरा या लिफ्टनंच दिला.
चौथ्या-पाचव्याच्या मध्ये दोघं पन्नास मिनिटं अडकली;
मी मुद्दाम उशीर केला, असं ती अजून म्हणते.
नाही केला. रिले जळाला होता.

उगाच गोडवे गात नाही मी.
आत दिवा नसायचा, वास असायचा.
अवतांदिल गेला तेव्हा शवपेटी मावेना.
उभी करून बघितली, तर त्सियाला ओरडली,
"त्याला उभं करू नका, तो दमलाय."
मग चौदा मजले जिन्यानं.
दर वळणाला पेटी तिरकी,
दर मजल्यावर दारं उघडी,
घामेजलेल्या चौघांना बाजूला सारून नवे चौघं.
अकराव्यावरचे दोघे भाऊ, सहा वर्षांचा अबोला,
न बोलताच एका टोकाला लागले.
खाली पोचेपर्यंत
अख्ख्या इमारतीनं त्याला खांदा दिला होता.
ज्यानं तो जिना एवढा अरुंद काढला
त्याच्या डोक्यात हे असेल, असं मला वाटत नाही.

मागच्या वर्षी नवी लिफ्ट आली. मीच बसवली.
स्टीलची, आरसेवाली, कार्डावर चालणारी.
स्ट्रेचर मावतं.
नोव्हेंबरात त्सियालाच्या छातीत कळ आली
तेव्हा चाळीस सेकंदांत ती खाली होती,
आणि म्हणून ती आहे.
हे मी आधी सांगतो, मग बाकीचं.

बाकीचं असं, की आता कुणी थांबत नाही.
ज्याचं त्याचं कार्ड.
आला की दार मिटायचं बटण दाबायचं,
आरशातल्या माणसाला न ओळखता वर जायचं.
परवा त्सियालानं विचारलं,
"जुंबेर, तेराव्यावरचा तो दाढीवाला
आहे ना रे अजून?"
तिच्या मोरीचं पाणी
रोज त्याच्या भिंतीतून खाली जातं.

मी काही शहरं आखत नाही.
माझ्याकडे एक पाना आहे,
आणि कंट्रोलच्या पेटीत एक आकडा:
दार किती वेळ उघडं राहावं.
कारखान्यातून तो चार येतो.
मी नऊ केलाय.
नऊ सेकंद म्हणजे फार नाही.
तुतीच्या झाडाकडून पिशवी घेऊन येणाऱ्याची
पावलं ऐकू येतात, एवढंच.

दोन तक्रारी आल्या आहेत, लिफ्ट मंद आहे म्हणून.
बघतो म्हणालो.
काल गेलोही.
दार मिटायच्या बटणाची तार सैल निघाली.
तशीच ठेवली.