गट ड

पिवळं कार्ड, चार गट, अठरा चौकोन.
अ म्हणजे भाषा, ब विज्ञान, क समाज,
आणि ड, ज्याच्यापाशी सगळे अडखळतात:
धर्मशास्त्र, नीतिशास्त्र,
आणि संगीत किंवा चित्रकला यांपैकी एक.
शाखा कुठलीही असो,
हे नऊ श्रेयांक भरल्याशिवाय पदवी नाही.

एकवीस वर्षं मी खिडकी क्रमांक दोनमध्ये बसते.
चर्चची नाही मी, बोपोडीची आहे.
पण चॅपलची घंटा झाली की माझंही पेन थांबतं,
सवयीनं.

मुलं येतात, गजांना कपाळ टेकवतात.
"मॅडम, मी संख्याशास्त्राचा, मला चित्रकला कशाला?"
मला काय विचारतोस, म्हणते मी,
माहितीपुस्तिका, पान सतरा.
तिथे छापलंय: आम्ही संपूर्ण माणूस घडवतो.
हे कुणी लिहिलं कोण जाणे.
दर वर्षी तेच वाक्य, फक्त खालचा फीचा आकडा नवा.

कोंढव्याच्या यासीर बागवानला
मंगळवारी सकाळी आठचाच तास मोकळा होता,
म्हणून त्यानं उपासना-संगीत घेतलं. दुसरं काही कारण नाही.
डिसेंबरात त्याचा आवाज चॅपलच्या छताला लागला
आणि त्याचे वडील, बाहीवर बेकरीचा मैदा तसाच,
शेवटच्या बाकाशी उभे राहून
बूट काढावेत की नाही, ते ठरवत राहिले.

पाळकांची सुवार्ता म्हणाली,
धर्मशास्त्र काय, मला पाळण्यापासून येतं.
तीच त्यात नापास. दोनदा.
दुसऱ्यांदा रडली नाही. मला म्हणाली,
"आमच्याकडे उत्तरं पाठ होती हो,
हे प्रश्न घरात कुणी विचारलेच नव्हते."

यंदा जूनमध्ये समितीनं गट ड काढला.
काढला नाही, ऐच्छिक केला.
काढण्याला आमच्याकडे तसं म्हणतात.
नवं कार्ड संगणकावर. त्यात चौकोन नाहीत,
एक हिरवी पट्टी आहे, पुढे पुढे सरकणारी.

परवा एक गृहस्थ आले.
काखेत हेल्मेट, पायात कारखान्याचे जाड बूट.
अनुग्रह शिरसाठ. वाणिज्य, एकोणीसशे शहाण्णव.
सगळ्यात खालच्या कप्प्यात त्यांचं कार्ड सापडलं,
एक कोपरा वाळवीनं नेलेला.
सतरा चौकोनांत खूण. एक कोरा.
वडील गेले त्या फेब्रुवारीत,
आणि खडकीला त्यांच्या जागेवर
सोमवारी हजर व्हायचं होतं.

मी नवा नियम पुन्हा एकदा वाचला.
म्हटलं, अभिनंदन, तुमचं सगळं पूर्ण आहे.
"कसं?"
तो चौकोन आता नाहीच.
"मग मी पास कधीपासून?"
जूनपासून.

ते हलले नाहीत. मागे रांग खाकरली.
त्यांनी खिशातून रुमाल काढला,
रुमालातून माउथ ऑर्गन,
ओठ लागून लागून एका कडेला पितळ उघडं पडलेलं.
"रात्रपाळी सुटल्यावर शिकलो," म्हणाले,
"सायकल शेडच्या मागे. घरात मुलं झोपलेली असायची.
तीन गाणी येतात. चौथं अर्धं.
परीक्षेला किती लागायची?"

मला माहीत नव्हतं.
पान सतरावरही नव्हतं.

म्हटलं, चौथं वाजवा.

आणि फी भरायच्या त्या रांगेत,
पावत्या, झेरॉक्स, चार्जरच्या वायरी हातात धरून
सगळे गप्प झाले.
ते मध्येच एका सुरावर थांबले,
माउथ ऑर्गन तळव्यावर आपटून कोरडा केला.
"इथपर्यंतच," म्हणाले.

खिडकी मोकळी होती.
कुणीही पुढे सरकलं नाही.