पंचेचाळीस

मी मीटर रीडर होतो, बावा. एकतीस वर्षं.
कोणाच्याही घरात चपलेसकट शिरायची मुभा.
जिन्याखाली, न्हाणीच्या बोळात, तुटक्या पाळण्यामागं,
जिथं मीटर तिथंच अडगळ,
आणि अडगळीत, दहा वर्षांतून एखाद वेळी,
सात इंचांची काळी चकती.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरातलं शेवटचं दार.
मोरीन डिक्रूज म्हणाली, डॅडी गेले, तुम्हीच घेऊन जा,
भंगारवाला किलोनं मागतोय.
एकवीस तवे. त्यातल्या एकाला
मधोमध एवढं भोक
की जुना चांदीचा रुपया आरपार जाईल.
लेबल फिकं जांभळं,
गाणाऱ्या बाईचं अर्धं नाव वाळवीनं नेलेलं.
पाचशेच काढले असतील कंपनीनं,
त्यातले चारशे तिच्याच गोदामात सडले असतील.
कडेला निळ्या शाईत: सी. डिक्रूज, गार्ड.
अमेरिकेतून अजनीला हा कोणत्या डब्यातून उतरला,
मोरीनला माहीत नव्हतं.

भोक बुजवायला इतवारीत गेलो, नत्थू खराद्याकडं.
त्यानं सागाचं बिस्कीट कातून दिलं.
काहून भाऊ, म्हणाला, या वयात भोवरे खेळतं का?

मग मे आला.
पारा पंचेचाळीस, तवाही पंचेचाळीसचा,
दोघांचं जमलं.
लाईट गेली, कूलर थांबला, खिडकीशी ठेवलेली चकती
दुपारभरात पापडासारखी उचलली.
दोन काचा आणल्या, मधे ती, वरून वच्छलाचा पाटा.
आठ दिवस आमच्या घरी चटणी नव्हती.
नवव्या दिवशी ती बोलायचीही थांबली.

रज्जाक मिस्त्री मोमीनपुऱ्यातून सुई घेऊन आला.
ही कोणत्या जातीची गाणी?
सोल, मी म्हटलं.
सोल म्हणजे चपलेचा?
आतून वच्छला: सोल म्हणजे लसूण सोल,
तेवढं तरी करा.

मग बाईनं तोंड उघडलं
आणि तिघंही गप्प.
सुई वरखाली होत होती,
रुळांवरून सायकल न्यावी तशी,
पण आवाज पडला नाही.
आधी ढोल, मग मागं पितळी बाजा,
मग ती, घसा खरवडत, जणू कोणी दाराशी उभं आहे
आणि तिला कडी सापडत नाही.
रज्जाकभाईनं चष्मा काढून पुसला.
धूळ आहे, म्हणाला. धूळ होतीच.

इंग्रजी मला बिलापुरतं येतं.
तिचा एकच शब्द कळला: वेट.
तिथंच, नेमकं तिथं, खरखर होती.
भिंगाखाली पाहिलं तर बोटभर पट्टी
करडी पडलेली, बाकी सगळा तवा चकचकीत.
कोणीतरी सुई उचलून पुन्हा तिथंच ठेवत होतं.
पुन्हा तिथंच.
रात्रपाळीहून आलेला गार्ड, हातातला कंदील न ठेवता,
असं मी मनातच धरून चाललो.
मोरीनला विचारलं नाही.

मागच्या महिन्यात पुण्याचा एक पोरगा आला,
मोबाईलवर पाहून म्हणाला, काका, चाळीस हजार.
लावून दाखवलं. बोटं चांगली होती त्याची, कडेनं धरायचा.
करड्या पट्टीवर सुई आली तसा त्याचा चेहरा उतरला.
इथं गेलाय हो. पंचवीस देतो.
मी म्हटलं, ताक पी. ऊन उतरू दे, मग निघ.

माझ्याकडं खात्याच्या कोऱ्या वह्या उरल्यात.
प्रत्येक तव्याचं एक पान.
जांभळ्या लेबलाच्या पानावर मी सवयीनं रकाने भरतो.
मागील रीडिंग: नोंद नाही.
चालू रीडिंग: एकशे बारा.
फरकाचा रकाना
अजून कोराच आहे.