दोन हात डावीकडे

तापी पश्चिमेला जाते,
म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राकडे पाठ करून.
आडगव्हाणच्या खाली मात्र तिला काहीतरी विसरल्याचं आठवतं.
ती वळते, अर्धा कोस मागे येते, पुन्हा वळते,
आणि मध्ये उरते ती जीभ.

तीन बाजूंनी पाणी, एका बाजूनं जमीन.
शाळेच्या पुस्तकात याला द्वीपकल्प म्हणतात,
तिथं बंदरं असतात, आरमारं असतात.
आमच्या द्वीपकल्पाचं आरमार
सुकलाल भोयाची एक होडी, तीही गळकी.
क्षेत्र बावीस हेक्टर एकोणीस आर, उन्हाळ्यात.
भाद्रपदात काहीच नाही.

मी भूमी अभिलेखात एकतीस वर्षं होतो.
दप्तर उपसलं तर सर्वांत खाली फारसी सनद निघते,
कुणा सुभेदाराच्या शिक्क्याची, कसरीनं खाल्लेली.
जमीन "नदीच्या अलीकडे" आहे, एवढंच म्हणते.
कुठे उभं राहून अलीकडे, ते लिहायचं राहिलं.
तिच्यावर मोडी कागद :
होळकरांचा माणूस म्हणतो, वसूल आमचा.
शिंद्यांचा माणूस म्हणतो, घेऊन झाला.
मग गोरा साहेब, तंबू, दुर्बीण, हिवताप.
त्यानं तेहेतीस फुटी साखळी ओढली, सोळा आण्यांची,
आणि जीभ उत्तर काठाला जोडून दिली.

पुढच्याच मोठ्या पुरात नदीनं
उत्तरेकडची मान कापली, दक्षिणेला चिकटवली.
आडगव्हाणची जमीन
सकाळी मोरतळ्याला लागून उजाडली.
बाभळी त्याच, टिटव्या त्याच,
कचेरी तेवढी दुसरी.

तेव्हापासून आहे हे.
खानदेशाचे दोन झाले तेव्हाही रेघ इथंच येऊन अडखळली.
लाठ्या चालल्या, दगेसिंग गिरासेचा डावा कान गेला,
तो कोणत्या गावाच्या हद्दीत पडला यावर
पंचनामा दोनदा झाला.
निवडणुकीला दोन्हीकडचे उमेदवार गाळात उभे राहून म्हणत,
एक इंच देणार नाही.
इंच आम्ही मोजत नाही. आर मोजतो.

कोर्टानं मला चैत्रात पाठवलं.
दोन गावं, दोन किटल्या.
मी दोन्हींतला चहा प्यालो, न्यायासाठी.
झेंड्या रोवल्या, रेघ धरली,
शेवटचा दगड तेवढा उरला
तेव्हा दोन्ही पक्ष बाभळीखाली भाकरी सोडून
एकमेकांचे आजे काढत होते.

दगडाच्या जागी गेंदाबाई भोईण बसली होती,
हात आडवा धरून.
"आठे नको गाडू भाऊ. आठे वेल शे."
खरंच होता. डांगराचा, बोटाएवढा,
टोकाला केस आलेले, दोन फुलं.
ती जमीन कुणाची म्हणते, हे मी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.
मी दगड दोन हात डावीकडे घेतला.

नकाशात तिथं एक मुरड पडली, राईएवढी.
अठरा वर्षं वकील तिच्यावर जगतायत.
एक म्हणतो, ही मुरड होळकरांच्या वेळची.
दुसरा म्हणतो, साहेबाची, तिथं ओढा असणार.
धुळ्याला एका प्राध्यापकानं तिच्यावर निबंध वाचला,
नदीचं जुनं पात्र सिद्ध केलं.
मी मागच्या बाकावर होतो. टाळ्या वाजवल्या.

आता कधी ती सनद आठवली की वाटतं,
"अलीकडे" लिहिणाऱ्या त्या कारकुनापुढेही
कुणी काही पेरलेलं असेल.

वैशाखात सही घ्यायला पुन्हा गेलो तेव्हा
गेंदाबाईनं एक डांगर पुढे केलं.
घरी नेलं असतं तर लाच झाली असती,
म्हणून तिथंच गुडघ्यावर फोडून खाल्लं.
बिया थुंकल्या.
दगडाच्या कोणत्या बाजूला,
ते आता शपथेवर सांगता येणार नाही.