साचा सापडत नाही

पाणी आलं, पाचव्या दिवशी, पहाटे साडेतीनला.
पिंपं भरली, झोप गेली ती गेलीच,
म्हणून लॅपटॉप उघडला
आणि काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप केला:
ऑटोहेडर.

साधं काम आहे त्याचं.
एक फाइल वाचायची, दुसरी लिहायची.
सगळं जमलं तर एक अक्षर बोलत नाही,
येमूलांच्या कारखान्यातल्या जुन्या जॉबरसारखं.
तो बोलला की समजायचं, कुठंतरी धागा तुटलाय.

लिहितं काय, तर न ठरलेल्या गोष्टींची यादी.
हे हेडर असलं तर. ते फंक्शन असलं तर.
पूर्णांक किती बाइटचा, ते तिथं गेल्यावर.
प्रत्येक नावाआधी एकच शेरा: अनडेफ.
म्हणजे 'नाही' नव्हे,
म्हणजे 'अजून विचारलं नाही'.
विचारणारा वेगळा,
त्याचं मशीन वेगळं, गाव वेगळं.

नायना हेच करायचे.
मल्लेशम बिंगी, कार्ड पंचिंग, भद्रावती पेठ.
ग्राफच्या कागदावर मोर काढायचे
पण मोराचा रंग सांगायचे नाहीत.
भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली,
एवढंच आपलं, म्हणायचे,
निळा का तांबडा, ज्याचा माग त्यानं बघावं.
एकाच गठ्ठ्यातला मोर
साखर पेठेत हिरवा निघाला
आणि अक्कलकोट रोडला चक्क जांभळा.
दोन्ही चादरी खपल्या.

आज मात्र यंत्र बोललं.
साचा सापडत नाही, म्हणालं,
आणि नाव घेतलं
मीच परवा घाईत घातलेल्या एका चिन्हाचं.
नाव आहे, वर्णन नाही.
एक ओळ हवी:
हे काय, आणि कधी एक धरायचं.

लिहिली. गप्प झालं.

माळ्यावर कार्डांचे अकरा गठ्ठे आहेत, दोऱ्यात ओवलेले.
दहांवर नायनांच्या तेलुगूत नावं,
अकराव्यावर काहीच नाही.
मी तो उजेडासमोर धरून पाहिलाय,
भोकाभोकांतून नुसती ट्यूबलाइट दिसते.
लावून बघायला जेकार्ड हवं,
ते भंगारात गेलं, किलोवर.
आई म्हणते, कुणीतरी सांगून नेला नसेल.
मग म्हणते, मी तेव्हा सिरसिल्ल्यात होते गं,
तुझ्या वेळेला.

एक गोष्ट मात्र आवडते मला या कारभारातली.
जे शोधूनही सापडत नाही
ती ओळ कुणी पुसत नाही.
तिरकी रेघ, चांदणी, अनडेफ, नाव,
चांदणी, तिरकी रेघ.
जागच्या जागी राहते, झाकलेली.
वाचणाऱ्याला कळतं, इथं काहीतरी विचारलं होतं.

चिठ्ठी फाडून घेतलीय,
सुतळीही आहे.
खालच्या घरात टॉवेलचे माग सुरू झाले,
फरशी थरथरतेय
आणि काठोकाठ भरलेल्या पिंपात
पाण्याला बारीक बारीक चौकटी पडतायत.