दिनमान, ॲबरडीन

सोलापूरचं पंचांग मुंबईच्या सूर्योदयावर चालतं.
इथं डिसेंबरात पावणेनऊला फटफटतं,
साडेतीनला बंदरावर दिवे लागतात.
मधल्या तुटपुंज्या उजेडाचे आठ वाटे करून
हेरंब फ्रिजवरच्या चिठ्ठीवर राहुकाळ लिहायचा:
पन्नास मिनिटं.
"थंडीनं राहूसुद्धा आखडतो बघ."
जूनमध्ये तोच सव्वादोन तास पाय पसरून बसायचा,
आणि मी नेमकी त्यात
बँकेत लोकांची घरकर्जं मंजूर करत असायचे.
"सांगू नकोस हं त्यांना," म्हणायचा.

तो गेला बुधवारी, पहाटे सहा वाजून बारा मिनिटांनी.
गुरुजी फोनवर म्हणाले, नवमी.
मी साडेपाच तास वजा केले, त्याच्याच पेन्सिलीनं.
मंगळवारी नऊला लागली होती नवमी,
सूर्य वर येऊन चौदा मिनिटं झालेली.
बुधवारी साडेसातला संपली,
तेव्हा बाहेर मिट्ट काळोख,
रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी तेवढी गेली.
मुंबईत त्या नवमीनं सूर्य पाहिला.
इथं नाही.
क्षय तिथी म्हणतात अशीला,
दिवसांच्या मोजणीत धरत नाहीत.

दोनदा ताळा केला.

मग फ्रिजवरची चिठ्ठी बदलली.
शुक्रवारी निळा बिन बाहेर.
गुरुवारी एक वाजता
नोंदणी कार्यालय, दाखल्यासाठी, पासपोर्ट न्यायचा त्याचा.
राहुकाळात येते वेळ.
येऊ दे.
पन्नास मिनिटांचा तर आहे.