कुदो-सानचं शहर

जाताना कुदो-सानने मला त्याचं शहर दिलं,
चार घड्या घातलेलं,
कल्हातच्या कंट्रोल रूममध्ये, चहाच्या वर्तुळाशेजारी.
नगरपालिकेचा नकाशा. अक्षरं म्हणजे मुंगळ्यांची रांग.
निळं ते पाणी. काळी रेघ रेल्वेची,
बंदरापाशी येऊन थांबते, पुढे बोट.
हे हिरवे ठिपके?
सफरचंदं, म्हणाला, आणि हाताने झाडाची उंची दाखवली.
मग तोच हात थोडा वर नेऊन
बर्फाची.

बाहेर रात्री दहाला अडतीस होतं.
फ्लेअरची ज्योत समुद्रावर सांडत होती
आणि काचेवर आमची दोन तोंडं, घामेजलेली.

मी विचारत गेलो, तो सांगत गेला,
त्याचं इंग्रजी अडखळणारं, माझं बाणकोटचं.
सिग्नल आमच्याकडे उभे असतात, पाराकारु-सान,
टोकियोत ते आडवे निजतात,
इथे निजले तर बर्फ त्यांच्यावर बसून राहील.
रस्त्याची कड सांगायला वर बाण टांगलेले,
लाल-पांढरे, खाली तोंड केलेले;
कड असते, दिसत नाही एवढंच.
काही उतारांवर जमिनीतून पाणी उडत राहतं रात्रभर.
पहाटे बाजारात तळहाताएवढ्या शिंपल्या,
म्हाताऱ्या बायका त्यांच्यापुढे हात शेकत बसलेल्या.
लोकवस्ती?
दरसाल कमी, म्हणाला,
आणि नकाशा सरळ केला. सरळच होता तो.

बर्फ पडताना आवाज कसा येतो?
येत नाही. असलेला जातो.

त्याचा बाप एक्याऐंशीचा. अजून छपरावर चढतो फावडं घेऊन,
नाही चढला तर घर कण्हतं.
एकदा घसरला, खुबा गेला, दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा वर.
माझाही चढतो, मी म्हणालो, कौलं चाळायला,
नको सांगितलं की फोन ठेवून देतो.
कौल म्हणजे काय ते मला सांगता येईना,
मी टेबलावर बिस्किटं एकावर एक सरकवून रचली.
त्याने बराच वेळ पाहिलं
आणि वरचं एक उचलून खाल्लं.

आमच्याकडे बर्फ पडतो तो एकाच जागी,
जेटीवर, लोडिंग आर्मच्या सांध्यावर, बोटभर.
आतून उणे एकशे बासष्टचा वायू धावतो,
कुदोच्या शहराने कधी पाहिली नाही अशी थंडी,
आणि बाहेर मी, हेल्मेटमधून मीठ टिपत.
जहाज सुटलं की कागदावर बंदराचं नाव येतं.
कधी उत्तरेचं. तेव्हा सही करताना
मला एक स्वयंपाकघर दिसतं,
खुब्याला हात लावून उभा म्हातारा,
शेगडीची कळ फिरवतोय.
एवढं सरळ नसतं ते, मला माहीत आहे,
मधे टाक्या असतात, करार असतात, दुसरीच शहरं असतात.
तरी सही मी जरा नीट करतो.

जानेवारीत त्याचा फोटो आला.
सगळं पांढरं. एका कोपऱ्यात बोटाने काढलेला बाण:
घर.
मी तो बाणकोटला पुढे पाठवला,
नफीसाने विचारलं, कोरा कागद कशाला धाडलात?

त्याच आठवड्यात सूरमध्ये वारा सुटला.
दोन दिवस दारं लावून बसलो,
तिसऱ्या दिवशी दार उघडेना.
शेजारच्या हमूदने बाहेरून फावडं मारलं,
मग मी आतून.
गल्ली नव्हतीच; गाड्यांचे आरसे तेवढे वर.
मीही फोटो काढला. बाण काढला. घर लिहिलं.

उत्तर लगेच आलं, तिथे मध्यरात्र असणार:
किती?

मी पायाकडे पाहिलं.
दाराशी गुडघ्यापर्यंत, लिहिलं.
आणि आवाज?